झेफेरीनोच्या फळीवरची साल

मी साल बोलतेय. बुचाच्या ओकाची साल. नीट बसून ऐका, मी पुन्हा पुन्हा सांगणार नाही.

तुम्ही मला ओळखता ते बाटलीच्या तोंडातलं बूच म्हणून. दारूच्या बाटलीवर बोट ठेवून राहणं हे माझ्या घराण्यातल्या काही जणींच्या नशिबी आलं, त्याला माझा इलाज नाही. तुमच्याकडे लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचं एक झाड असतं आणि त्यालाही बूच म्हणतात, असं ऐकून आहे. त्याचा माझा काडीचाही संबंध नाही. मी पोर्तुगालच्या दक्षिणेची, अलेंतेझूची. ग्रांदोलाच्या डोंगरात वाढलेली, उन्हात भाजलेली आणि वणव्यालाही भीक न घातलेली.

आमच्याकडे झाड नऊ वर्षांतून एकदा सोलतात. सोललं की त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगानं लिहितात. म्हणजे पुढची नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. माझ्या झाडावर तीनचा आकडा होता, म्हणजे दोन हजार तेराचा. दोन हजार बावीसच्या जूनमध्ये दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, झेफेरीनो आणि त्याचा जोडीदार आर्मिंदो.

झेफेरीनो तेव्हा त्रेसष्टचा होता. बुटका, खांद्यांनी रुंद, उजव्या गुडघ्यातून गेलेला. त्याचा तो शेवटचा हंगाम. झाडांच्या मालकानं त्याला सांगितलं होतं, बाबा रे, जाताना तुझ्या पसंतीच्या एका झाडाची साल घरी घेऊन जा. तर हा गृहस्थ अख्खी सकाळ खोडं ठोकत लंगडत फिरला आणि शेवटी माझ्यापाशी थांबला. निवड चांगली केली, एवढं मान्य करते. आयुष्यात त्यानं केलेल्या दोनच चांगल्या निवडी मला ठाऊक आहेत. दुसरी म्हणजे त्याची बायको, पण ते त्याला तेव्हा कळलेलं नव्हतं.

साल काढायचीही एक रीत आहे. कुऱ्हाडीचा घाव माझ्या जाडीइतकाच खोल गेला पाहिजे, केसभरही जास्त नाही. माझ्याखाली झाडाचा ओला, लालसर थर असतो. इथले लोक त्याला आईच म्हणतात. आईला जखम झाली की झाड त्या जागी पुन्हा धड साल धरत नाही. मग कुऱ्हाडीच्या दांड्याचं चपटं टोक आत सारून, हळूच पिळून मला सोडवायचं. बेचाळीस वर्षांत झेफेरीनोनं एकाही झाडाच्या आईला धक्का लावला नव्हता, आणि हे तो दिवसातून किमान दोनदा सांगायचा. झाडांना इतकं जपणारा हा माणूस, माणसांवर मात्र डोळे मिटून घाव घालायचा.

त्याच्या घरामागे मी पावणेदोन वर्षं रचून पडले होते. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर अंगभर छिद्रं आहेत. त्यामुळे घरातलं सगळं ऐकलं.

बायको कुस्तोदिया. छत्तीस वर्षं बुचांच्या कारखान्यात निवडायच्या टेबलावर बसलेली. समोरून बुचं घरंगळत जाणार आणि ही नुसत्या नजरेनं चांगलं-वाईट वेगळं काढणार. मग कारखान्यानं कॅमेऱ्याचं यंत्र आणलं आणि तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. फुलं तिनं बकरीला घातली.

या दोघांत लग्नापासूनचा एकच वाद होता. आमच्या मुलखात कुऱ्हाडवाले स्वतःला राजे समजतात आणि कारखान्यातल्या बायकांना ‘बुचवाल्या’ म्हणून हिणवतात. झेफेरीनोही त्यातलाच. “मी झाड सोलतो,” तो म्हणायचा, “तू नुसती निवडतेस.” मी त्याच्याच बाजूची होते. माझा सौदा कुऱ्हाडीशी. टेबलावर बसणाऱ्या बाईला माझ्यातलं काय कळणार, असं मला वाटायचं.

आणि मुलगी व्हानिया. एकतिशीची. कारखान्यात आईनं तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती, ती तिनं नाकारली आणि तासाभराच्या अंतरावर समुद्रकिनारी जाऊन लोकांना सर्फिंग शिकवायला लागली. लाटेवर फळी टाकायची आणि फळीवर उभं राहायचं. या उद्योगासाठी माणसं पैसे मोजतात, यावर काय बोलावं! पण मुद्दा तो नाही. दहा वर्षांपूर्वी झेफेरीनो कॅफेत बसून सगळ्यांसमोर म्हणाला होता, “पोरगी पाण्यावर उभी राहायला शिकतेय म्हणे. आधी जमिनीवर तरी उभी राहून दाखव म्हणावं.” सगळे हसले. व्हानिया मागे दारात उभी होती, हातात पाव घेऊन.

तेव्हापासून ती फक्त नाताळला घरी यायची. आईशी दर रविवारी फोनवर तासभर बोलायची. बापाशी बोलायची ते हवामानावर. तो काही म्हणाला की तिचं उत्तर ठरलेलं: “बरं आहे, बाबा.”

दोन हजार चोवीसच्या मार्चमधल्या एका रविवारी कुस्तोदियानं फोन ठेवला आणि म्हणाली, “व्हानिया सप्टेंबरात आयर्लंडला चाललीय. तिथल्या सर्फिंगच्या शाळेत. कायमची.”

झेफेरीनो लसूण-कोथिंबिरीच्या गरम पाण्यात भिजवलेला पाव खात होता. त्यानं चमचा थांबवला नाही. “जाऊ दे,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरामागे येऊन त्यानं माझ्यावरची ताडपत्री ओढली.

“हे काय चाललंय?” कुस्तोदियानं खिडकीतून विचारलं.

“फळी करतोय. तिच्यासाठी. वरून बुचाची.”

“तुला तोंड दिलंय ना देवानं? फोन उचल आणि म्हण, चुकलं माझं.”

“फळी बघितली की तिला कळेल काय ते. फळीच बोलेल.”

म्हणजे बघा. दहा वर्षं याच्या घशात अडकलेली माफी मी मागायची होती! मी, नऊ वर्षं डोंगरावर ताठ उभी राहिलेली. मला माणसांच्या या सवयीची शिसारी येते. स्वतःला जे बोलायचं धाडस नाही, ते वस्तूंच्या गळ्यात बांधायचं आणि मग वस्तूकडून चोख कामाची अपेक्षा करायची.

फळीच्या पोटात काय घातलं असेल? थर्मोकोल! फ्रिजच्या खोक्यातून निघतो, वाऱ्यानं उडतो, तो. झेफेरीनोनं बांधकामवाल्याकडून त्याचा एक लांबच लांब ठोकळा आणला, मधोमध चिरून पाइनच्या लाकडाची पट्टी बसवली, मग तापलेल्या तारेनं त्याला आकार दिला. पंधरा दिवस घासत होता. मोबाइलवर कुणा परक्या माणसाचा व्हिडिओ लावायचा, त्याची भाषा कळत नसली तरी मान डोलवायचा आणि तो सांगेल त्याच्या उलट करायचा. अंगणभर पांढरे मणी झाले. कोंबड्यांनी ते टिपून पाहिले आणि थुंकले. कोंबड्यांना जेवढी अक्कल आहे तेवढी मला त्या घरात फार थोड्या वेळा दिसली.

मग माझी पाळी. आर्मिंदोकडे पट्ट्याची करवत होती. तिच्यावर मला आडवी घालून झेफेरीनोनं माझ्या पाच मिलिमीटर जाडीच्या रुंद चकत्या काढल्या, पापुद्रे सुटावेत तशा. दिसायला सुरेख. मधासारखा रंग आणि त्यात माझ्या तपकिरी रेघा.

कुस्तोदिया हात पुसत बाहेर आली. एक चकती उचलून तिनं उन्हासमोर धरली.

“इकडे ये. काय दिसतंय?”

“साल दिसतेय. सुंदर साल.”

“उजेड दिसतोय, झेफेरीनो. आरपार. ही बारीक छिद्रं बघ. सालीत ती पोटाकडून पाठीकडे जातात, आतून बाहेर. म्हणून बूच कापताना आम्ही साल उभी धरतो, छिद्रं आडवी पडतात आणि वाइन थांबते. तू आडवी कापलीस, म्हणजे तू चाळण केलीस. पावाचे काप करतात तशा उभ्या पट्ट्या काढ, अरुंद निघतील, पण त्या शेजारी शेजारी लाव.”

“अरुंद पट्ट्या? चिंध्यांची गोधडी शिवायची का मी? हिची शान जाईल.”

“पाणी आत जाईल तेव्हा शानेनं पुसून काढ.”

“बेचाळीस वर्षं मी साल काढली.”

“काढलीस ना. तिच्यानं पाणी अडवायचं काम मी केलंय, छत्तीस वर्षं.”

“आता बुचवालीनं मला साल शिकवायची!” तो म्हणाला.

कुस्तोदियानं चकती खाली ठेवली, अगदी सावकाश, आणि आत निघून गेली. मलाही तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्यातून पाणी जाईल? माझ्यातून? त्या बाईची जीभ झडावी असं मला वाटलं.

आर्मिंदो म्हणाला, “व्हिडिओतला माणूस सालीखाली काचेच्या तंतूंचं कापड घालतो. आणि ती दोन डब्यांची राळ मिसळतो.” झेफेरीनो म्हणाला, “वाइन वीस वीस वर्षं काचेच्या कापडाशिवाय थांबते. आणि त्या राळेच्या वासानं माझं डोकं दुखतं.” मग त्यानं सुताराचा पांढरा गोंद घेतला आणि मला थेट थर्मोकोलवर चिकटवलं. घट्ट बसावी म्हणून सगळी फळी गादीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीतली हवा ओढायला जुन्या फ्रिजचं कॉम्प्रेसर लावलं. त्या फ्रिजमध्ये कुस्तोदिया ऑलिव्ह ठेवायची. त्या दिवसापासून ऑलिव्हच्या बरण्या झेफेरीनोच्या पलंगाखाली गेल्या, आणि त्याच्याच बाजूला.

पण दिसले मात्र मी अप्रतिम. नऊ फूट लांब, कडांना गोल, हाताला ऊबदार. प्लास्टिकच्या फळ्यांना पाय घसरू नये म्हणून मेण फासावं लागतं, मला त्याची गरज नव्हती. आर्मिंदो दोनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, “हिच्यावर उभं कसलं राहायचं, हिच्यावर जेवायला बसावं.” सात-आठ जण कॅफेतून उठून बघायला आले. झेफेरीनोची छाती फुगली होती आणि माझीही.

मेअखेरच्या रविवारी आर्मिंदोच्या गाडीतून आम्ही किनाऱ्यावर गेलो. कुस्तोदिया आली नाही. “मला बुडणारं काही बघायचं नाही,” एवढंच म्हणाली.

किनारा म्हणजे एक नमुनाच. पायापासून गळ्यापर्यंत काळे रबरी कपडे घातलेली मोठमोठी माणसं कमरेवर हात ठेवून तासभर समुद्राकडे बघत उभी राहतात, आणि मग म्हणतात, आज मजा नाही. त्यांत दुआर्ते नावाचा एक लिस्बनचा दीडशहाणा होता, दर शनिवार-रविवारी येणारा. त्याच्या फळीवर इतक्या कंपन्यांची नावं होती की वाचायला अर्धा दिवस लागावा.

“आजोबा,” तो म्हणाला, “ही फळी आहे की दारातलं पायपुसणं?”

सर्फिंग शिकवायच्या निळ्या टपरीतून व्हानिया बाहेर आली. उन्हानं रापलेली, केस मिठानं ताठ झालेले, खांदे थेट बापाचे. “दुआर्ते,” ती म्हणाली, “गेल्या तीन रविवारांत तू एकदा तरी उभा राहिलास का? नाही ना? मग बसून बोल.”

मला ती तिथल्या तिथे आवडली. तसं मला फारसं कुणी आवडत नाही.

झेफेरीनोनं टोपी काढली, पुन्हा घातली. “घे,” म्हणाला. “केली.” दहा वर्षांनंतर बापाच्या तोंडून निघालेले हे दोन शब्द. बाकीचं मी बोलायचं होतं.

व्हानियानं माझ्यावरून तळवा फिरवला, थेट शेपटीपर्यंत, म्हणजे फळीच्या मागच्या टोकापर्यंत. “बाबा, हिला मेण लावायलाच नको,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. झेफेरीनो वाळूकडे बघत होता, पण त्याचे कान टवकारलेले मी पाहिले.

पहिली लाट मी विसरणार नाही. व्हानियाचे पाय माझ्या पाठीवर घट्ट बसले आणि आम्ही दोघी किनाऱ्यापर्यंत सरळ आलो, एकदाही न डगमगता. झेफेरीनोनं टोपी हवेत उंच धरली होती. दुसऱ्या लाटेलाही तसंच.

तिसऱ्या लाटेच्या आधी मला अंगात ओल जाणवली. आधी एका छिद्रातून, मग दहा, मग शेकडो. मी अंग आवळून पाहिलं, पण सालीला अंग आवळता येत नाही. पाणी माझ्यातून शांतपणे आत जात होतं आणि तो थर्मोकोल अधाशासारखा ते पीत होता. बुचवालीचा शब्द न् शब्द खरा होता. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. चौथ्या लाटेला माझं नाक खाली गेलं आणि व्हानिया डोक्यावरून पुढे फेकली गेली.

बापलेकीनं मिळून मला बाहेर ओढलं. शेपटीतून धार लागली होती.

“आजोबांनी स्पंज आणलाय!” दुआर्ते ओरडला, आणि काळ्या रबरातली ती सगळी माणसं हसली.

झेफेरीनोचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आता तरी हा माणूस एक सरळ वाक्य बोलेल, असं मला वाटलं. बोलला. मुलीकडे बघून म्हणाला, “तुला नीट वापरता आली नाही.”

व्हानियानं मला वाळूवर ठेवलं. केसातलं पाणी निथळून टाकलं. “बरं आहे, बाबा,” म्हणाली आणि टपरीत जाऊन दार लावून घेतलं.

झाडाच्या आईला जपणाऱ्या त्या हातांची मला त्या क्षणी किळस आली. माझीही आली. मी पाझरले नसते तर त्याला ते वाक्य सुचलंच नसतं.

घरी आलो तेव्हा गाडीतून दारापर्यंत पाण्याची रेघ उमटली. कुस्तोदियानं रेघ पाहिली, मला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं. ताट वाढलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तीन दिवस मी अंगणातल्या भिंतीला टेकून गळत होते आणि झेफेरीनो माझ्या समोरून मान वळवून जात होता. चौथ्या दिवशी दुपारी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, “ती छिद्रं. पुन्हा दाखव जरा.”

“काय म्हणालास?”

“ऐकू आलं तुला.”

“नाही आलं. इकडे बघून बोल.”

त्यानं मान वर केली. “तू बरोबर होतीस,” तो म्हणाला. “मी ऐकलं नाही.”

“कोण बरोबर होती?”

“बुचवाली बरोबर होती! आता छापून आणू का?”

“छापू नकोस. हेच फोनवर तिला सांग. तोवर मी पट्ट्या कापते.”

खिडकी उघडी होती म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“व्हानिया? मी. बाबा... नाही, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. कोंबड्यासुद्धा... ऐक. फळी तू नीटच वापरलीस. चूक सालीत होती.”

मी भिंतीला टेकून कपाळाला हात लावला असता, कपाळ असतं तर. तेवढ्यातही यानं माझ्यावर ढकललंच! पण आतून कुस्तोदियाच्या सुरीचा आवाज थांबला, आणि तो घाईनं म्हणाला, “नाही, नाही. साल चांगली आहे. चूक मी केली. आईनं सांगितलं होतं... हो, तुझ्या आईनं. आणि ते कॅफेतलं. तेही.”

पलीकडून ती काहीतरी बोलली.

“तुला माहितेय कुठलं ते.”

पुन्हा ती काहीतरी बोलली. झेफेरीनोनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“ते जमिनीवर उभं राहायचं मी जे बोललो... ते नीच होतं. लोक हसावेत म्हणून बोललो. दहा वर्षं झाली, मला रोज आठवतं. चुकलो मी, पोरी.”

मग पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही, पण झेफेरीनो मटकन खुर्चीत बसला आणि हातरुमाल शोधायला लागला. मला त्याचं रडणं बघवत नव्हतं. रुमाल त्याच्या खांद्यावरच होता.

व्हानिया जूनच्या अखेरीला आली, काचेच्या कापडाची गुंडाळी आणि राळेचे दोन डबे घेऊन. तोवर मी बरीच निथळले होते. आता मला उतरवायचं होतं.

झेफेरीनोनं दोन वर्षांनी कुऱ्हाड हातात घेतली. पोटात थर्मोकोल, बोटानं दाबलं तरी खड्डा पडेल असला. त्यानं कडेनं एकच घाव घातला, पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. मग दांड्याचं टोक आत सारलं आणि हळूच पिळलं. पाण्यानं मऊ झालेला तो फालतू गोंद सुटला आणि मी एका अखंड तुकड्यात वेगळी झाले. मग दुसरी बाजू. त्याच हातांनी मी दुसऱ्यांदा सोलली गेले आणि दोन्ही वेळा दुखलं नाही.

व्हानिया थर्मोकोलवर वाकून बघत होती. “बाबा, ओरखडासुद्धा नाही.”

“खालच्या आईला लागता कामा नये,” तो म्हणाला.

“हो का?” आतून कुस्तोदिया म्हणाली. “लवकर सुचलं.”

तिघंही हसली. त्या अंगणात मी दोन वर्षं होते, पण तिघांचं एकत्र हसणं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नवी कातडी माझ्याच झाडाच्या उरलेल्या सालीची, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणींची. कुस्तोदियानं उभ्या पट्ट्या कापल्या आणि एकेक उन्हासमोर धरून पाहिली. दहातल्या सहा तिनं फेकून दिल्या. झेफेरीनोच्या तोंडातून “अगं, ती चांगली आहे” एवढंच निघालं असेल, तिनं मान वर केली आणि तो गप्प बसला. व्हानियानं खाली कापड आणि राळ लावली. झेफेरीनोचं डोकं दुखलं, त्यानं ते सांगितलं नाही. फ्रिजचं कॉम्प्रेसर पुन्हा घरघरलं. फळी गोधडीसारखी दिसते, हे मी आजही म्हणेन. शान काही नाही. पण ऑगस्टभर व्हानिया तिच्यावर रोज समुद्रात गेली आणि ती एक थेंब प्यायली नाही. दुआर्तेनं ती किती किमतीला देणार म्हणून विचारलं. व्हानियानं त्याला वर्गात नाव घालायला सांगितलं, लहान मुलांच्या.

ती थांबली का? नाही थांबली. सप्टेंबरात आयर्लंडला गेली. माफी मागितली की माणसं घरी राहतात, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हीही झेफेरीनोच्याच जातीचे.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं अंगणात फळी उलटी टाकली, घरामागचा पांढऱ्या रंगाचा डबा शोधून काढला आणि शेपटीपाशी चारचा आकडा काढला, चोवीस सालातला. मोठा, खोडावर काढतात तसा.

झेफेरीनोनं जवळ येऊन तो पाहिला. “हे काय?”

“नऊ वर्षं हिला कुणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “तेहतीसच्या उन्हाळ्यात घेऊन येईन. तेव्हा कातडी बदलावीच लागेल. सोलणारा तेवढा हवा.”

“तेहतीसला मी चौऱ्याहत्तरचा होईन.”

“मग गुडघा सांभाळा. दुसऱ्या कुणाला मी हिला हात लावू देणार नाही.”

आता माझी आजची अवस्था. माझी एक बाजू कुस्तोदियाच्या ओट्यावर आहे, गरम भांडी टेकवायला. दुसरी बाजू, जी व्हानियाच्या पायाखाली लाटेवर दोनदा ताठ उभी राहिली ती, दाराच्या पायरीवर आहे आणि तिच्यावर झेफेरीनो बसतो. होय, बूड टेकून. डोंगरावरून इथवर झालेला हा माझा प्रवास. तुम्ही हसलात तरी चालेल, तो दुआर्तेही हसला होता.

रविवारी फोन वाजला की कुस्तोदिया उचलते आणि थेट पायरीवर नेऊन देते. तो अर्धा तास बोलतो. हवामानावरच बोलतात दोघं, पण आता तिथलं हवामान त्याला तोंडपाठ आहे.

आणि रोज सकाळी तो माझ्यावर बसून उजवा पाय समोर उचलतो, खाली ठेवतो. डॉक्टरांनी तीस वेळा सांगितलंय. अठराव्या वेळी विव्हळतो, चोविसाव्याला डॉक्टरांच्या खानदानाचा उद्धार करतो. मग कुऱ्हाडीला धार लावतो. सोलायला एकही झाड उरलेलं नाही त्याला. एक फळी आहे, ती परदेशात.

माझी तुम्हाला विनंती वगैरे काही नाही. माणसांकडे मागण्यासारखं माझ्यापाशी काही नसतं. जे काही सांगायचं ते या एका बुटक्या, हट्टी, तोंडाळ म्हाताऱ्याला सांगायचंय, आणि त्याला ते ऐकू जात नाही. परवा त्यानं सत्ताविसावर पाय टेकवला आणि म्हणाला, झाले तीस. मी मोजत होते. तीन राहिलेत, झेफेरीनो. उचल पाय.